हाताला काम आहे, दामाचे काय?

देशातील बेकारी ओसरत चालल्याची ग्वाही सरकारी आकडे देत आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमबल पाहणीनुसार पंधरा वर्षांवरील लोकांत बेकारीचे प्रमाण २०१७-१८ साली ६ टक्के होते. २०२३-२४ साली ते ३.२ टक्क्यांवर आले. याच काळात काम करणाऱ्या वा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २३.३ टक्क्यांवरून ४१.७ टक्क्यांवर गेले. अवघ्या सहा वर्षांतील हा फरक लहान नव्हे. सत्ताधारी पुढारी तो सभांतून सांगतात, वृत्तपत्रांच्या मथळ्यांत तो झळकतो, आणि २०२५ पासून अशी आकडेवारी दरमहा प्रसिद्ध होऊ लागल्यामुळे या समारंभाला आता बारमाही निमित्त मिळाले आहे.

हे आकडे खोटे ठरविण्याची घाई करण्याचे कारण नाही. पाहणीचे कर्मचारी गावोगाव आणि वस्त्यावस्त्यांतून हिंडून माहिती गोळा करतात. त्यांच्या कामाला दीर्घ परंपरा आहे. विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे. बेकारी खरोखरच निम्म्यावर आली असेल, तर तिचा परिणाम कोठे दिसावयास हवा? कारखान्याच्या फाटकाबाहेर ताटकळणारी रांग आटली, की फाटकाच्या आतल्या कामगाराच्या शब्दाला वजन येते. 'तू नाहीस तर दुसरा आहे' ही मालकाची धमकी बोथट होते. मजुरी चढते, कामाचे तास आवरले जातात, कंत्राटावर राबणारा माणूस कायम होण्याची मागणी ताठ मानेने करू लागतो. बेकारांच्या राखीव फौजेविषयी मार्क्सने जे विवेचन केले त्याचा इत्यर्थ हाच आहे, आणि त्याला न मानणारे अर्थशास्त्रज्ञही मागणी-पुरवठ्याच्या भाषेत हेच सांगतात. तेव्हा राखीव फौज निम्म्याने घटली असेल, तर श्रमाचे मोल वाढलेले दिसले पाहिजे. ते दिसते काय?

या प्रश्नाचे उत्तर विरोधी पक्षाच्या पत्रकात शोधावे लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये संसदेत सादर झालेल्या सरकारच्याच आर्थिक पाहणीत ते दिलेले आहे. महागाई वजा जाता हाती उरणारे उत्पन्न, म्हणजे खरे वेतन, २०१७-१८ आणि २०२३-२४ या दोन वर्षांत ताडून पाहिले, तर नियमित पगारावर असलेल्या पुरुषांचे ते ६ टक्क्यांहून अधिक घटले आहे. नियमित पगारावरील स्त्रियांचे १२ टक्क्यांच्या वर घटले आहे. स्वतःचा धंदा वा शेती करणाऱ्या पुरुषांची कमाई सुमारे ९ टक्क्यांनी खाली आली आहे. आणि अशाच स्वयंरोजगारी स्त्रियांची कमाई तर जवळजवळ एक तृतीयांशाने कोसळली आहे. रोजंदारीवरील मजुरांची खरी मजुरी तेवढी वाढली आहे: पुरुषांची सुमारे एक पंचमांश, स्त्रियांची त्याहून थोडी अधिक. या अपवादाचा विचार पुढे करावयाचा आहे. परंतु देशातील बहुसंख्य कष्टकरी पहिल्या चार गटांत मोडतात, आणि त्यांच्या बाबतीत चित्र असे आहे की कामावर असलेल्यांची संख्या वाढली आणि त्याच वर्षांत कामाचे मोल घटले.

एकाच शासनाच्या दोन अहवालांतील ही दोन विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात? ही गाठ सोडविल्याशिवाय रोजगाराच्या आकड्यांवर आनंद मानणे किंवा संताप करणे, दोन्ही व्यर्थ आहे.

पहिली उकल मोजणीच्या नियमांत सापडते. एखाद्याने वर्षाचा बराचसा काळ काम केले, तर तो कामावर असलेला ठरतो. ज्याने मुख्यतः काही केले नाही, परंतु वर्षातून तीस दिवस वा त्याहून अधिक काळ दुय्यम स्वरूपाचे काम केले, तोही कामावर असलेलाच धरला जातो. आठवड्याच्या हिशेबाने मोजावयाचे झाल्यास सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी एक तास काम केलेले पुरते. घरच्या शेतीत वा दुकानात एक पैसाही न घेता राबणारी व्यक्ती या मोजणीत रोजगारप्राप्तच ठरते. यातील एका तासाचा निकष आंतरराष्ट्रीय प्रघाताला धरून आहे, आणि देशातील एकूण श्रम किती याचा अंदाज बांधण्यासाठी असे नियम उपयोगीही पडतात. मात्र ते माणसे मोजतात. माणसांची मिळकत मोजत नाहीत. महिनाकाठी पन्नास हजार मिळविणारा बँकेतील कर्मचारी आणि चौकात दिवसभर उभे राहून कोथिंबिरीच्या दहा जुड्या विकणारी म्हातारी, या दोघांनाही त्या तक्त्यात एकेकच जागा असते.

दुसरी उकल त्याहून खोल आहे. ज्या देशात बेकारभत्ता नाही, त्या देशात बेकार राहणे ही चैन आहे. ज्याचे पोट हातावर आहे त्याने आज काम केले नाही, तर आज रात्री चूल पेटत नाही. म्हणून तो मिळेल ते काम, मिळेल त्या दामाने पत्करतो आणि पाहणी करणाऱ्याच्या तक्त्यात तो बेकार म्हणून कधी दिसतच नाही. २०२२-२३ च्या पाहणीत पदवीधरांमधील बेकारी १३ टक्क्यांच्या वर होती, तर निरक्षरांमधील एक टक्क्याहूनही कमी. या दोन आकड्यांवरून निरक्षर माणूस पदवीधरापेक्षा सुखी आहे, असा निष्कर्ष कोणी काढील काय? पदवीधराच्या घरी त्याला वर्ष-दोन वर्षे पोसणारे कोणी तरी असते, म्हणून तो योग्य कामाची वाट पाहू शकतो. ऊसतोड मजुराच्या पोराला वाट पाहणे परवडत नाही. बेकारीचे प्रमाण अनेकदा गरिबीचे नव्हे, तर थांबण्याच्या ऐपतीचे माप असते.

हे भान भारतीय अर्थशास्त्राला नव्याने आलेले नाही. नियोजन आयोगाने नेमलेल्या प्रा. दांतवाला यांच्या समितीने १९७० सालीच बजावले होते की, जेथे बहुसंख्य लोक स्वतःच्या तुकडाभर जमिनीवर वा घरगुती धंद्यात राबतात, तेथे बेकारीचा एकच एक आकडा काढून परिस्थितीचे ज्ञान होणार नाही. त्यानंतर प्रा. राज कृष्ण यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या विवेचनात बेकारी जोखण्याच्या चार कसोट्या मांडल्या: माणसाला काम किती वेळ मिळते, त्यातून उत्पन्न किती होते, त्याची आणखी काम करण्याची तयारी किती आहे, आणि त्याच्या श्रमाची उत्पादकता किती आहे. दिवसभर राबूनही ज्याचे पोट भरत नाही, तो उत्पन्नाच्या कसोटीवर बेकारच होय. या विवेचनाला आता पन्नासहून अधिक वर्षे लोटली. मथळ्यांत मात्र अजून पहिलीच कसोटी मिरविली जाते, आणि तीही ढिली करून.

एकाच आकड्यावर विसंबण्याने काय अनर्थ होतो, याचा धडा महामारीने दिला आहे. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि मुंबई-पुण्याहून, सुरतेहून, दिल्लीहून लाखो मजूर पायी गावाकडे निघाले. त्यानंतरच्या जुलै २०२० ते जून २०२१ या वर्षात दुसरी लाट येऊन गेली, कारखाने आणि हॉटेले बंद पडली, घरोघर माणसे दगावली. त्या वर्षी बेकारीचे प्रमाण काय झाले? आधीच्या वर्षी ते ४.८ टक्के होते. त्या भीषण वर्षात ते ४.२ टक्क्यांवर उतरले. शहरात फिटर, वेटर वा शिंपी म्हणून पगार घेणारा माणूस गावी येऊन भावाच्या शेतात खुरपू लागला, की तो तक्त्यात 'कामावर' राहतो. त्याचा पगार गेला, भावाच्या ताटातील भाकरी दोघांत वाटली गेली, आणि आकडा सुधारला. ज्या वर्षी देश हवालदिल झाला होता, त्या वर्षी जे माप 'प्रकृती सुधारते आहे' असे सांगते, त्या मापावर इतर वर्षी तरी किती विश्वास ठेवावा?

महामारी सरली, परंतु गावाकडे वळलेला तो प्रवाह पुरता उलटला नाही. एकूण कष्टकऱ्यांत शेतीवर असलेल्यांचा वाटा २०१७-१८ साली ४४.१ टक्के होता, तो २०२३-२४ साली ४६.१ टक्के झाला. जो देश औद्योगिक सत्ता होण्याची भाषा बोलतो, त्या देशातील श्रमिक शेतातून कारखान्याकडे जाण्याऐवजी उलट दिशेने चालला आहे. याच सहा वर्षांत स्वयंरोजगारावर असलेल्यांचे प्रमाण ५२.२ टक्क्यांवरून ५८.४ टक्क्यांवर गेले आणि नियमित पगारावर असलेल्यांचे २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर उतरले. सर्वांत बोलका आकडा घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्यांचा आहे. त्यांचे प्रमाण १३.६ टक्क्यांवरून १९.४ टक्क्यांवर गेले. म्हणजे या देशात 'रोजगार असलेल्या' दर पाच माणसांपैकी जवळजवळ एकाला त्या रोजगाराचा एक रुपयाही स्वतःच्या हातात मिळत नाही.

स्त्रियांच्या सहभागाची जी वाढ सांगितली जाते, तिचा उलगडाही येथेच होतो. २०२३-२४ साली काम करणाऱ्या स्त्रियांपैकी दोन तृतीयांश स्वयंरोजगारी होत्या, आणि एकूण काम करणाऱ्या स्त्रियांतील एक तृतीयांशाहून अधिक घरच्या शेतीधंद्यातील बिनपगारी मदतनीस होत्या. ज्या बाईने वर्षानुवर्षे म्हशीचे शेण काढले, वैरण आणली, निंदणी-खुरपणी केली, तिच्या श्रमाची नोंद होऊ लागली असेल तर ते स्वागतार्हच आहे. कारण ते काम होते आणि आजवर ते काम म्हणून मानले जात नव्हते. परंतु नोंद झाली म्हणून तिच्या पदरात काही पडले, असा अर्थ होत नाही. कोरडवाहू पाच एकरांत पूर्वी दोघे राबत होती, आता चौघे राबतात. पीक तेवढेच येते, बाजारात भाव तोच मिळतो. घरातील कष्टकरी दुप्पट झाले आणि माणशी उत्पन्न निम्मे झाले. स्वयंरोजगारी स्त्रीची खरी कमाई एक तृतीयांशाने का घसरली, याचे कोडे मग उरत नाही.

यावर असा युक्तिवाद केला जातो की स्वयंरोजगार म्हणजे स्वावलंबन. नोकरी मागणारा तरुण आता नोकरी देणारा झाला आहे. हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे, आणि थोड्या लोकांच्या बाबतीत खराही आहे. तथापि धंद्यात बरकत आहे म्हणून जो धंदा काढतो तो वेगळा, आणि नोकरी नाही म्हणून जो हातगाडी ओढतो तो वेगळा. पहिल्या प्रकारची वाढ असती, तर या वर्गाची कमाई चढली असती आणि त्याने हाताखाली पगारी माणसे घेतली असती. कमाई घटली आहे, नियमित पगारी लोकांचा वाटाही घटला आहे. तेव्हा ही गर्दी उद्योजकतेची नसून नाइलाजाची आहे, हे उघड आहे. दुसरीकडे, जेथे भांडवल आहे तेथे काय घडले? त्याच आर्थिक पाहणीने नोंदविले आहे की २०२३-२४ साली मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला. त्यांच्याकडील रोजगार मात्र १.५ टक्क्यांनीच वाढला. नफ्याचे प्रमाण पंधरा वर्षांतील उच्चांकाला पोहोचले असता कामगारांच्या वाट्याला हे आले. संपत्ती निर्माण होत नाही असे नव्हे. ती निर्माण करणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही.

आता रोजंदारीवरील मजुरांचा अपवाद. त्यांची मजुरी वाढली ही समाधानाची गोष्ट आहे, आणि ती नाकारण्यात काही हशील नाही. परंतु ती मुळात किती होती आणि वाढून कोठवर आली, हे पाहिले पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांनी २०२४ साली मिळून प्रसिद्ध केलेल्या भारतीय रोजगार अहवालानुसार, २०२२ साली शेतीतील अकुशल रोजंदारी मजुरांपैकी ६२ टक्क्यांना आणि बांधकामावरील अशा मजुरांपैकी ७० टक्क्यांना कायद्याने ठरलेले किमान वेतनही मिळत नव्हते. जो तळघरात उभा आहे तो दोन पायऱ्या चढला म्हणून तो घरात आला, असे होत नाही.

हे सारे महाराष्ट्राने पूर्वीच पाहिलेले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप चिरडला गेला, पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि लाखाच्या वर कामगारांची नोकरी कायमची गेली. परंतु देशाची कापडाची गरज संपली नव्हती. ते काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेले. मागावर माणूस तेथेही उभा राहिला. रोजगाराच्या तक्त्यात एक नाव कमी झाले, तर दुसरे वाढले. मात्र गिरणीतील कामगाराला आठ तासांची पाळी होती, महागाई भत्ता होता, प्रॉव्हिडंट फंड होता, कामगार विम्याचा दवाखाना होता. यंत्रमागावर बारा तासांची पाळी आली, मीटरवर मजुरी आली, आणि आजारी पडला त्या दिवशी काहीच आले नाही. गिरणगावात मागे राहिलेल्यांपैकी कोणी भाजीची पाटी घेतली, कोणी इमारतीवर रखवालदार झाला, कोणाच्या बायकोने पोळीभाजीचे डबे सुरू केले. यांतील एकही जण मोजणीच्या भाषेत बेकार नव्हता. गिरणगाव उद्ध्वस्त झाले, ते रोजगाराच्या तक्त्यात फारशी खळबळ न माजविता.

आज दरसाल दिवाळीच्या सुमारास बीड आणि त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तेथील हिशेब असतो. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर. टनावर मजुरी ठरते ती कोयत्यावर. आणि खाडा पडला तर कापून घेतले जाते तेही कोयत्यावर. बाई पहाटे उठून कोपीत भाकऱ्या थापते, उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहते, परंतु हिशेबाच्या वहीत तिचे नाव स्वतंत्रपणे येत नाही. २०१९ साली बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, तेव्हा पाळीच्या दिवसांतील खाडाही या स्त्रियांना परवडत नाही, हे सत्य उभ्या महाराष्ट्रासमोर आले. रोजगाराच्या पाहणीत ही दोन माणसे कामावर असलेली दोन माणसे म्हणून मोजली जातील. मुकादम त्यांना एक धरून दाम देतो. हंगामाअखेर उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षाचे श्रम आजच गहाण पडतात. अशा कुटुंबाला 'पूर्ण रोजगार' आहे, असे म्हणण्यात कोणता अर्थ आहे?

शासन स्वतः मालक असते तेव्हा तरी वेगळे घडते काय? अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती गावातील प्रत्येक बाळ-बाळंतिणीची नोंद ठेवतात, लसीकरण घडवून आणतात, महामारीत त्या दारोदार फिरल्या. तरीही त्यांना मिळते ते 'मानधन'. वेतन हा शब्द शासन कटाक्षाने टाळते, कारण वेतन म्हटले की किमान वेतनाचा कायदा आला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निर्णय दिला, तो याच शब्दच्छलाला दिलेला ठोसा होता. शहरात घरोघर जेवण पोहोचविणाऱ्या तरुणाला तर कामगार न म्हणता 'भागीदार' म्हटले जाते. दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचे, कर्जाचा हप्ता त्याचा, अपघात झाला तर हाडही त्याचेच. भाव ठरविण्याचा अधिकार तेवढा कंपनीचा. निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ साली असे काम करणारे ७७ लाख होते, आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाखांवर जातील असा अंदाज होता. उद्याचा रोजगार वाढलेला दिसेल तो बव्हंशी अशाच कामांनी.

तेव्हा काम आणि सुस्थिती यांची सांगड आपोआप पडत नाही; ती घालावी लागते. याचा सर्वांत मोठा अनुभव महाराष्ट्राच्याच गाठीशी आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आणि नालाबांध घालणाऱ्या लाखो हातांनी या राज्याला रोजगार हमी योजनेचा मार्ग दाखविला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७१ साली, पुण्याच्या गोखले संस्थेतून प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध करून सार्वजनिक कामांचा आग्रह धरला होता. १९७७ साली विधिमंडळाने हमीचा कायदा संमत केला. शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसवून पैसा उभा केला गेला. योजना मोठी होती, आणि तिच्या मागचे तत्त्व त्याहून मोठे होते. परंतु कामावरच्या बायांना लवकरच कळून चुकले की काम मिळणे ही अर्धी लढाई आहे. मस्टरवर नाव लागले तरी मोजमाप कमी भरविले जाई, पगाराला आठवडे लागत, आणि दर किमान वेतनाहून खाली राही. म्हणून त्या काळी तहसील कचेरीवर निघालेले मोर्चे 'काम द्या' एवढेच म्हणत नसत. 'पुरेसे दाम, वेळेवर दाम' असे म्हणत.

न्यायालयांनीही त्याच सुमारास हेच तत्त्व सांगितले. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली, आणि राजस्थानातील दुष्काळी कामांच्या प्रकरणात १९८३ साली, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध ठरविलेली वेठच होय. भुकेने माणसाला कमी दामावर राबावयास भाग पाडले, तर तीही सक्तीच असते. या कसोटीने पाहता, २०२२ साली किमान वेतनाखाली राबणारे शेतीतील ते ६२ टक्के आणि बांधकामावरील ७० टक्के मजूर 'रोजगारप्राप्त' म्हणावयाचे की वेठबिगार?

माणसाला जगावयास काय लागते याची मोजपट्टीही नव्याने शोधावयाची नाही. १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने ती घालून दिली: प्रौढ माणसामागे २,७०० कॅलरींचे अन्न, कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी २० टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण आदींसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घालावयास सांगितली. प्रत्यक्षात २०१७ साली केंद्राने राष्ट्रीय पातळीवरचे तळवेतन ठरविले ते दिवसाला १७६ रुपये. २०१९ साली सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने जुलै २०१८ च्या भावांनी ३७५ रुपयांची शिफारस केली. या दोन आकड्यांतील दरी हीच रोजगाराचा आकडा आणि कामगाराची चूल यांच्यातील दरी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या, आणि त्यांत तळवेतनाची तरतूद आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा संमत होऊन कामाचे दिवस शंभरावरून सव्वाशे करण्यात आले. दोन्ही कायद्यांची परीक्षा एकच: तळवेतन १९५७ च्या मोजपट्टीने ठरते की मालकांच्या सोयीने? आणि सव्वाशे दिवसांचे दाम पुरेसे आणि वेळेवर मिळते की नाही?

अशा वेळी कार्यकर्त्यांपुढे दोन कामे आहेत. पहिले काम आकडे परत जमिनीवर आणण्याचे. प्रत्येक तालुक्यात एखादे गाव, प्रत्येक शहरात एखादी वस्ती घेऊन घरोघर पाच प्रश्न विचारता येतील: गेल्या महिन्यात किती दिवस काम मिळाले? रोज किती तास? हातात प्रत्यक्ष रोख किती आली, आणि ती कोणाच्या हातात आली? आजारी पडल्यास त्या दिवसाचा पगार मिळतो काय? आणि घरावर कर्ज किती, ते कशासाठी काढले? या पाच उत्तरांचा फलक ग्रामपंचायतीसमोर लावला, तर बेकारीच्या मथळ्याला त्यापेक्षा चोख उत्तर दुसरे नाही. सरकारकडे मागणीही हीच असली पाहिजे की, बेकारीचा आकडा जाहीर होईल त्याच दिवशी, त्याच पत्रकात, खरे वेतन आणि बिनपगारी श्रमिकांची संख्याही जाहीर व्हावी. तक्ते सरकारजवळ आहेतच. पहिल्याच रकान्यावर प्रकाशझोत टाकून उरलेले अंधारात ठेवण्याची रीत बंद झाली पाहिजे.

दुसरे काम संघटनेचे आहे, आणि ते अधिक अवघड आहे. कामगार चळवळीने दीर्घकाळ कायम कामगारांच्या पगारवाढीचे करार हेच आपले मुख्य क्षेत्र मानले. फाटकाबाहेरचा कंत्राटी, यंत्रमागावरचा परप्रांतीय, कोयत्याचा निम्मा भाग असलेली बाई, घरी बसून विड्या वळणारी वा बटणे लावणारी कामगारीण यांच्यापर्यंत चळवळ पुरेशी पोहोचली नाही. म्हणूनच गिरणी पडली तेव्हा यंत्रमाग हे हत्यार म्हणून मालकांच्या हाती सहज आले. उलट हमाल-मापाडी संघटित झाले, तेव्हा १९६९ साली महाराष्ट्राला माथाडी कायदा करावा लागला, आणि पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला प्रॉव्हिडंट फंड मिळाला. त्या माणसाचा व्यवसाय बदलला नव्हता. रोजगाराच्या तक्त्यात तो आधीही होता आणि नंतरही होता. बदलले ते त्याच्या कामाचे मोल, आणि ते संघटनेने बदलले.

ऊसतोडणीच्या बाईचे नाव हिशेबाच्या वहीत वेगळे लागेल, तिच्या श्रमाचे दाम तिच्या खात्यावर जमा होईल, आणि आजारपणाच्या दिवशी खाडा न पडता तिला कोपीत निजता येईल, तेव्हा तिला रोजगार मिळाला असे म्हणता येईल. तोवर टक्केवारी ३ वर येवो की २ वर, 'हाताला काम' या अर्ध्या घोषणेवर समाधान मानून चालणार नाही. तिचा उरलेला अर्धा भाग, 'कामाला दाम', प्रत्येक सभेत, प्रत्येक मोर्चात आणि प्रत्येक वाटाघाटीच्या टेबलावर पूर्ण उच्चारला गेला पाहिजे.